टाके घालताना बैलांची नावं

वर्गात मी फारशी बोलत नाही, त्यामुळे ऐकलेलं सगळं माझ्याजवळ साठत जातं. त्यात आई अमरावतीच्या एका दवाखान्यात नर्स. शाळा सुटली की तिची ड्यूटी संपेपर्यंत मी कॅज्युअल्टीबाहेरच्या बाकावर बसते. दार उघडंच असतं. अर्धा तास बसलं की एक किस्सा मिळतोच.

एका बाईला विंचू चावला होता. नवऱ्याने तो मारून, डॉक्टरांना दाखवायला फडक्यात बांधून आणला. टेबलावर फडकं सोडलं, तर विंचू चालायला लागला. सगळे मागे सरले. बाई कण्हत म्हणाली, "पाहा डॉक्टरसाहेब, यायले एक काम धड जमत नाही."

भातकुलीच्या एका आजीच्या नातवाने नाकात तुरीचा दाणा घातला होता. डॉक्टर चिमटा घेऊन वाकले, तेवढ्यात पोराला शिंक आली आणि दाणा बाहेर.

"झालं आजी, जा घरी."

आजी हलेना. "इतक्या दुरून आलो, काही तं टोचा!"

त्या पोराला माझ्या आईने मांडीवर घेतलं, नाक पुसलं, "जेवला का रे?" विचारलं. मी बाकावरून बघत होते. घरी माझी वेणी घालता घालता आईला डुलकी लागते. उरलेली वेणी मीच घालते, हळूच, तिची झोप मोडू नये म्हणून.

डॉक्टर टाके घालतात तेव्हा आई पेशंटला बोलतं ठेवते. शेतकरी असला तर बैलांची नावं विचारते. वलगावच्या एका काकांच्या पायावर कुऱ्हाड बसली होती.

"सर्जा," काका म्हणाले. एक टाका. "पवळ्या." दुसरा.

"पुढे, काका?"

"माहे बैल सरले, बाई. टाके किती उरले?"

"पाच."

"मंग शेजाऱ्याचे सांगतो."

त्याच आठवड्यात शाळेचं गॅदरिंग होतं. मी पहिल्यांदाच कविता म्हणणार होते. आई येते म्हणाली होती. मी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा ती "येते" म्हणाली. पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर मी तिच्यासाठी रुमाल ठेवला.

माझं नाव पुकारलं. पडदा सरकला. त्या खुर्चीवर वलगावचे काका बसले होते. पट्टीचा पाय लांब केलेला, माझा रुमाल नीट घडी करून मांडीवर.

मी दाराकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. मला पहिली ओळच आठवेना.

"पोरी," काका तिथूनच म्हणाले, "मोटार उलटली, पेशंट लय आले. तुह्या मायले निघता येत नाही. मी पट्टी बदलाले गेलो होतो, तं मले धाडलं."

कोणीतरी हसलं.

"भेव वाटते का? मंग बैलाईची नावं सांग."

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता.

"सर्जा," मी म्हणाले.