राऊत सरांची बिनफोडणीची भाजी

मी अमरावतीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. नेलेली पुस्तकं लोक परत आणून देत नाहीत, आणि किस्से मात्र कोणी न मागता माझ्या टेबलावर आणून टाकतात! त्यातून आमचा दुपारच्या डब्याचा अड्डा लायब्ररीच्या मागच्या खोलीत. तिथे ‘शांतता राखा’ अशी पाटी आहे. जेवताना आम्ही ती भिंतीकडे तोंड करून ठेवतो.

अड्ड्यावर माणसं पाचच. फिजिक्सचे शेख सर, होम सायन्सच्या तायडे मॅडम, ऑफिसचे हेडक्लार्क इंगळे बाबू, खेळाचे राऊत सर आणि मी. आता पाच माणसं रोज जेवतात म्हटल्यावर किस्से होणारच. पण एकाच भाजीवर इतके किस्से? आणि तीसुद्धा अशी भाजी, की जिच्यात ना तिखट, ना हळद, ना फोडणी!

•

आधी राऊत सर कोण ते सांगते. हा माणूस ग्राउंडवर “ए पोट्टेहो!” असं ओरडला की बाहेर रस्त्यावरचे ऑटोवाले मागे वळून पाहायचे. टेबलावर पहिला घास त्यांचा. डबा कोणाचाही असो, आधी ते चाखणार आणि मग निकाल जाहीर करणार. “मॅडम, वांगं पास. शेख सर, दालचा-भात फर्स्ट क्लास. इंगळे भाऊ, ठेचा डिस्टिंक्शन!”

एकदा दिवाळीनंतर त्यांनी इंगळे बाबूंचा ठेचा बोटावर घेऊन तोंडात घातला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. उठले, गेले, ते आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी “भूक नाई.” तिसऱ्या दिवशी “भूक नाई.” जेवणाच्या सुट्टीत स्पोर्ट्स रूमचं दार आतून बंद!

आता आमच्यासारख्यांना बंद दार सहन होतं का? पंधरा दिवस एकच चर्चा, राऊत सर आत खातात तरी काय? शेख सरांनी तर तीन शक्यता मांडल्या. शेवटी इंगळे बाबू खिडकीतून डोकावून आले. येताना तोंड एवढंसं झालेलं.

“दुधात बिस्किट बुडवून खाऊन राह्यला बावा. लहान पोट्ट्यावानी.”

कोणी हसलं नाही.

मग सगळं कळलं. सुपारी-तंबाखूचा घोटलेला खर्रा वर्षानुवर्षं गालात धरून गाल आतून कडक झाले होते. तोंड जेमतेम दोन बोटं उघडायचं, आणि तिखटाचा कण लागला की आग. डॉक्टरांनी सांगितलं होतं, खर्रा बंद, तिखट बंद, मऊ खा, तोंड उघडायचा व्यायाम करा. गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, हेही सांगितलं होतं. मी विचारायला गेले तेव्हा सर म्हणाले, “त्याचं काई नाई मॅडम. पन तुमी खासान अन् मी पाहत बसीन, हे मले जमत नाई.”

म्हणजे दुखणं तोंडाचं होतं, पण सरांना खरं लागलं होतं ते टेबल सुटल्याचं. आणि आम्हालाही. पहिला घास घ्यायला कोणीच नव्हतं.

•

उपाय काढला तायडे मॅडमनी. म्हणाल्या, “आमच्या मुलींना प्रॅक्टिकलला एक भाजी असते. क्रीम्ड व्हेजिटेबल ऑन टोस्ट. उद्या माझ्या लॅबमध्ये या.”

आम्ही चौघं गेलो. राऊत सरांना “नवीन गॅसची शेगडी पाहायला चला” असं खोटं सांगून नेलं. मॅडमनी फ्लॉवर, गाजर, मटार अगदी मऊ उकडून घेतले. कढईत लोणी टाकलं, त्यावर दोन चमचे मैदा, मंद आच, आणि मग दूध थोडं थोडं. शेख सर नाकावर चष्मा ओढून कढईत पाहत होते.

इंगळे बाबूंना मात्र दम निघेना. “फोडनी कवा देता मॅडम?”

“फोडणी नसते.”

“हळद?”

“नाही.”

“तिखट?”

“एरवी मिऱ्याची चिमूट टाकतात. सरांसाठी तीही नाही.”

“मंग तिले भाजी काहून म्हंता? मलम म्हना ना!”

शेख सर म्हणाले, “इंगळे बाबू, ज़रा सब्र करो. देखो तो सही, कैसे गाढ़ा हो रहा है!”

त्या दाट सॉसमध्ये मॅडमनी मीठ आणि उकडलेल्या भाज्या घातल्या, ब्रेड भाजला, कडा कापल्या, बोटभर रुंदीच्या पट्ट्या केल्या आणि त्यावर ती पांढरी भाजी पसरली. राऊत सरांनी पट्टी आडवी धरून तोंडात सरकवली. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहतोय. ते चावतायत, आम्ही गिळतोय!

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, “जळत नाई.”

एवढंच. पण असं म्हणाले की तायडे मॅडम उगाचच गॅस पुसायला लागल्या.

•

मग पाळ्या लागल्या. रोज एकाने ही भाजी आणायची. दुसरी पाळी शेख सरांची. त्यांनी घरी केली आणि मैद्याच्या ह्या एवढाल्या गुठळ्या झाल्या. फिजिक्सचा माणूस, तो थोडाच गप्प बसणार? त्यांनी गरम दूध घालून एकदा केली, थंड दूध घालून एकदा केली, वहीत निरीक्षणं लिहिली. शेख भाभी शेवटी म्हणाल्या म्हणे, “आपने फ़िज़िक्स पढ़ी है, मैदे ने नहीं पढ़ी. चम्मच चलाइए!”

चमचा हलवायचा राहून गेला होता, इतकंच. पण तोवर कॉलेजची वेळ झालेली. सरांनी घाईघाईत सगळा सॉस गाळणीतून गाळला आणि डबा भरला.

दुपारी राऊत सरांनी पहिली पट्टी खाल्ली, थांबले. दुसरी खाल्ली, पुन्हा थांबले.

“शेख सर, एक इचारू का? मी भाजी खाऊन राह्यलो का चहा पिऊन राह्यलो?”

गाळणी चहाची होती. आलं घातलेल्या चहाची!

•

माझी पाळी आली तेव्हा वेगळीच पंचाईत. मी वलगावहून येते. सकाळी निघायच्या वेळेपर्यंत आमच्या दुकानात ताजा ब्रेड आलेला नसतो. दुकानदार म्हणाला, “ब्रेड नाई, टोस हाये.” हा आपला चहात बुडवायचा बेकरीचा टोस्ट, दगडासारखा! दुसरं करणार काय? मी तोच डब्यात मांडला, वर गरम गरम पालकाचं क्रीम ओतलं आणि देवाचं नाव घेऊन बसमध्ये बसले.

दुपारी डबा उघडला तर टोस्ट गायब! सगळं दूध पिऊन त्याचा शिरा झालेला. माझं तोंड उतरलं. राऊत सरांनी चमचा लावला. चावायचं कामच नाही, जिभेनं दाबलं की खलास. सगळा डबा पुसून खाल्ला त्यांनी.

तायडे मॅडम म्हणाल्या, “पण हे सिलॅबसमध्ये नाही हो.”

“मंग टाका ना सिलॅबसमधी! वाट कोनाची पाहता?”

बऱ्याच दिवसांनी त्यांचा तो ग्राउंडवरचा आवाज निघाला. बाहेर अभ्यासाला बसलेली पोरं दचकली, पण मला मेलं इतकं बरं वाटलं!

•

आता एक राग येणारा किस्सा.

एका दुपारी आम्ही पाचही जण जेवत असताना राऊत वहिनी थेट लायब्ररीत आल्या. हातात पिशवी, कपाळावर आठ्या. “मॅडम, मले एक सांगा. मी यायले रोज पोळी-भाजीचा डबा देतो. डबा रोज रिकामा येते. अन् घरी तं हा मानूस दुधाबिगर काई खात नाई. मंग माहा डबा खाते कोन?”

इंगळे बाबू एकदम पाणी प्यायला उठले.

आम्ही वहिनींना बसवलं आणि पांढरी भाजी दाखवली. त्यांनी बोटानं चाखली. मग अचानक त्यांचे डोळे भरून आले. “माह्याच तिखटानं झालं ना हे? लगन झाल्यापासून मिरच्याच खाऊ घातल्या म्या यायले. यायनंच सांगतलं, डॉक्टर म्हन्ते घरचं तिखट लय झालं.”

तायडे मॅडमनी राऊत सरांकडे पाहिलं. सर टेबलाकडे पाहत होते.

“वहिनी, तिखटानं नाही झालं. खर्ऱ्यानं झालंय.”

“खर्रा? थो तं यायनं कवाच सोडला! दोन वर्सं झाले!”

आता आम्ही सगळे सरांच्या शर्टाच्या खिशाकडे पाहायला लागलो. आम्हाला ठाऊक होतं, पुडी तिथेच आहे. आजारपण कळल्यावरसुद्धा हा माणूस जेवण झालं की इंगळे बाबूंसोबत गेटबाहेर जायचा. आणि घरी बायको बिचारी आपल्याच हाताला दोष देत बसलेली! मला इतका राग आला त्यांचा, की समोरचा डबा ओढून घ्यावासा वाटला.

राऊत सरांनी खिशातून पुडी काढली आणि बायकोसमोर ठेवली.

वहिनी ओरडतील असं वाटलं. नाही ओरडल्या. पुडी उचलून त्यांनी आपल्या पिशवीत टाकली, डोळे पुसले आणि तायडे मॅडमना विचारलं,

“मैदा किती घेता?”

•

त्या दिवसापासून सरांचा खर्रा सुटला, अगदी खरोखर सुटला. आणि शेख सरांच्या अंगात पुन्हा फिजिक्स शिरलं. ते म्हणाले, “इलाज चालू है, तो नाप भी होना चाहिए!” लॅबमधून त्यांनी व्हर्नियर कॅलिपर आणला. दर सोमवारी आधी भाजीसकट टोस्टची जाडी मोजायची, मग राऊत सरांचं तोंड. आज टोस्ट सरळ बसेल की आडवा धरावा लागेल, यावर आमच्या पैजा लागायला लागल्या.

एका सोमवारी राऊत सर आ करून बसलेले, शेख सर कॅलिपर घेऊन वाकलेले, तायडे मॅडम वही घेऊन उभ्या आणि माझ्या हातात टोस्ट. तेवढ्यात प्राचार्य आत आले.

“काय चाललंय काय हे?”

इंगळे बाबू शांतपणे म्हणाले, “काई नाई सर. टोस बसते का पाहून राह्यलो.”

प्राचार्यांनी एकदा कॅलिपरकडे पाहिलं, एकदा टोस्टकडे पाहिलं. दार लावून घेताना फक्त एवढंच विचारलं, “बसतो का?”

“अर्धा मिलिमीटर बाकी आहे सर!”

पुढच्या सोमवारी मात्र प्राचार्य बरोबर त्याच वेळेला लायब्ररीत पुस्तक शोधत होते. आमच्याकडे रुजू झाल्यापासून त्यांनी नेलेलं ते पहिलं पुस्तक.

•

या सगळ्यात इंगळे बाबू तसेच राहिले. पांढऱ्या भाजीला ते मलमच म्हणत. राऊत सरांसमोर मुद्दाम ठेच्याचा डबा उघडत आणि “वास घ्या सर, वासानं काई होत नाई,” म्हणत. राऊत सर हसत. खर्राही बाबूंचा चालूच होता. गेटबाहेर आता एकटेच जायचे. कोणी काही म्हटलं की ठरलेलं उत्तर, “मले काई होत नाई. आपलं तोंड लोखंडाचं हाये.”

हे मागच्याच महिन्यातलं. सोमवारी इंगळे बाबूंनी ठेचा आणला नाही. विसरले असतील. मंगळवारीही नाही. बुधवारी वरणात पोळी कुस्करून घेतली आणि प्रत्येक घासावर पाणी प्यायले.

शेख सरांनी विचारलं, “क्या बात है? मिर्ची से झगड़ा हो गया क्या?”

“दाढ दुखते,” बाबू म्हणाले.

आम्ही विश्वास ठेवला. राऊत सर मात्र खाता खाता थांबले आणि बाबूंच्या तोंडाकडे पाहत राहिले.

गुरुवारी राऊत सर दोन डबे घेऊन आले. वहिनी माहेरी अकोल्याला गेल्या होत्या, म्हणजे स्वयंपाक सरांनीच केलेला. एक डबा त्यांनी स्वतःपुढे ठेवला आणि दुसरा इंगळे बाबूंपुढे सरकवला. तीच पांढरी भाजी, आणि टोस्टच्या अगदी बारीक पट्ट्या.

बाबूंचा चेहरा लाल झाला. “हे मले कायले? मी काय बिमार हावो?”

“नाई ना भाऊ,” राऊत सर म्हणाले. “इतके दिवस मी एकटाच खाऊन राह्यलो हे. सोबत पायजे होती.”

तायडे मॅडमनी आपल्या डब्याचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. मग इंगळे बाबूंनी डबा जवळ ओढला आणि एक पट्टी उचलून हळूच खाल्ली.

“मीठ कमी हाये सर.”

“उद्या टाकतो,” राऊत सर म्हणाले.