धुतलेला पाला

पाला मी धुतला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे सारवासारव करायचा मोह नको.

महाराष्ट्र राज्य होऊन तीनेक वर्षं झाली असतील. पालघरच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवत होते, तेही तात्पुरत्या जागेवर. दर जूनला नवा कागद हातात पडायचा आणि दर एप्रिलला त्याची मुदत संपायची. आमचे मुख्याध्यापक कडक, पण भारी हौशी. मुंबईला जाऊन मत्स्यालय पाहून आले आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "बाई, आपल्या शाळेत समुद्र पाहिजे."

"समुद्र काही लांब नाही, सर. मुलांना घेऊन जाऊ," मी म्हणाले. माझी जीभ तेव्हा अशीच होती.

"लांब नाही ना? मग आणणं सोपं," ते म्हणाले, आणि काम माझ्या गळ्यात पडलं. ठाण्याहून तपासणीचे साहेब फेब्रुवारीत यायचे होते. टाकी जमली तर माझ्या कायम नेमणुकीसाठी आपण स्वतः शब्द टाकू, असंही त्यांनी सांगितलं. म्हणजे मला नाही म्हणायची सोयच उरली नाही.

लोखंडी चौकटीत काचा बसवून टाकी तयार झाली. लांबी दोन हात, उंची एक. प्रयोगशाळेच्या पूर्वेच्या खिडकीत ती ठेवली. मी समुद्राचं पाणी आणलं, वाळू घातली, खडकांतल्या डबक्यात मिळणारे बोटाएवढे चार मासे सोडले. तिसऱ्या दिवशी चारही वर तरंगत होते. पुस्तकात पाहिलं तर तिथे विजेच्या पंपाचं चित्र होतं. आमच्या प्रयोगशाळेत दिवासुद्धा नव्हता.

तेव्हा दातिवऱ्याची मावशी मदतीला आली. ती कोळीण. शाळेच्या आवारात मुख्याध्यापकांचं आणि शिक्षकांची चार अशी पाच बिऱ्हाडं होती, आणि पाचही घरं मासळी तिच्याकडूनच घ्यायची. दुसरी कोणी टोपली घेऊन आली तर तिला फाटकातूनच परत जावं लागे. कारण एकच, मावशीचा शब्द. "आज बोंबील नको घेऊ बाय, कालचं हाय," असं ती स्वतःच सांगायची आणि भरलेली टोपली उचलून चालू लागायची. मुख्याध्यापकांच्या घरात तिच्या मासळीचे कल्ले कधी कोणी उचलून पाहिले नाहीत. हा मान तिनं वीस वर्षांत मिळवला होता आणि तिला त्याचा अभिमान होता.

टाकीतले मेलेले मासे पाहून ती हसली. "निसतं पाणी आणलंस? पाण्याला राखायला कोण हाय आत?"

मला कळलं नाही. मग तिनं समजावलं. मासा पाणी घाण करतो. दर्यात ती घाण पाला खातो आणि वाढतो. खडकावर हिरव्या मण्यांच्या माळांसारखा जो पाला असतो, तो दगडासकट आणायचा, आधी तोच टाकीत ठेवायचा आणि महिनाभर दुसरं काही सोडायचं नाही. "पाला धरला का मंग मासली. एकदम नाय, एकेक. आनि बाय, यो पाला धुवाचा नाय. वाईट दिसला तरी नाय. गोडं पाणी त्याला विख."

पुढच्या आठवड्यात तिनं पाला आणला. पाणीही तिनंच आणलं, मडक्यांतून, आठ-दहा खेपांत. बंदरावर होड्या धुतात, तिथलं पाणी नको म्हणून ती भरतीच्या वेळी खडकांपलीकडे कमरेएवढ्या पाण्यात उतरून भरायची. मासळीची टोपली आणि वर मडकं, असं डोक्यावरून आणायची. त्याबद्दल तिनं काही घेतलं नाही. शाळेसाठी आहे म्हणायची.

आणि टाकी जगली! सकाळची उन्हं आली की पाल्यावर बारीक बुडबुडे धरायचे आणि एकेक सुटून वर यायचे. पंप नाही, काही नाही. महिन्यानं शंखातला खेकडा आला, मग दोन मासे, मग दगडाला चिकटलेली दोन समुद्रफुलं, म्हणजे फुलासारखे दिसणारे जीवच. पाला इतका माजला की आठवड्यातून एकदा मेथी खुडावी तसा खुडून काढावा लागे. मुलं मधल्या सुट्टीत खिडकीपाशी गर्दी करायची. मी मुलांना सगळं असं समजावून सांगायचे, जणू ते मीच शोधून काढलंय. मावशीचं नाव एकदाही घेतलं नाही. ही माझी पहिली लबाडी. ती लहान होती, म्हणून पचली.

साहेब यायला चार दिवस उरले आणि पाल्यावर तपकिरी लव चढली. मुख्याध्यापकांनी नाक मुरडलं. "बाई, हे जरा स्वच्छ दिसायला हवं."

आता माझ्या माहेरचं सांगायला हवं. आमच्या वाडीत पानवेली होत्या. विड्याची पानं रेल्वेनं जायच्या आधी तीन पाण्यांतून काढायची, झटकायची आणि मग करंडीत भरायची, हे काम मी चालायला लागल्यापासून केलेलं. मळकं पान दिसलं की माझे हात आपोआप पाण्याकडे जातात. त्या संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी पाला बाहेर काढला, विहिरीच्या पाण्यानं तीनदा धुतला, झटकला आणि परत ठेवला. मावशीचं बोलणं मला आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं. मी मनात म्हटलं, मी बी.एस्सी. झालेली, एवढ्यातेवढ्यानं काय होतंय?

दुसऱ्या दिवशी पाल्याचा रंग उडाला. तिसऱ्या दिवशी तो पांढरा पडून विरघळू लागला, आणि टाकीत दूध ओतल्यासारखं पाणी झालं. मासे तोंड वर काढून धापा टाकत होते. दुपारपर्यंत सगळं संपलं. दोन्ही समुद्रफुलं चिंधीसारखी लोंबत होती. वास व्हरांड्यापर्यंत जात होता.

मुख्याध्यापक लालबुंद होऊन आले. "हे कशानं झालं?"

डोळ्यांपुढे एप्रिलमध्ये संपणारा तो कागद होता. आणि मी म्हणाले, "पाणी खराब असेल, सर. परवाच नवं मडकं ओतलं होतं."

ते खरंच होतं, परवा मडकं ओतलं होतं. अर्धं खरं बोलायची कला मला त्या एका मिनिटात आली.

मावशी नेमकी तेव्हा व्हरांड्यात टोपली उतरवत होती. पाचही घरांतल्या बायका भांडी घेऊन बाहेर उभ्या होत्या. मुख्याध्यापकांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं, "पाणी कुठनं भरलंस? बंदरातनं ना?"

"नाय गुरुजी. भायेरचं हाय, खडकापल्याडचं." ती आत आली. टाकीत बोट बुडवून तिनं जिभेला लावलं. मग पांढऱ्या पाल्याचा एक तुकडा उचलून बोटांत चुरगळला. "पाणी चांगलं हाय. यो पाला कोनी तरी गोड्या पाण्यान बुडवलाय. पावसात खाडीच्या तोंडावं आसाच पांढरा परतो."

मुख्याध्यापक माझ्याकडे वळले. "बाई, धुतला होता?"

मावशीही माझ्याकडेच पाहत होती. तिच्या नजरेत राग नव्हता. मी आता बोलेन, याची तिला खात्री होती. तिच्या जगात विचारलं की सांगायचं असतं.

"नाही, सर," मी म्हणाले.

तिनं बोटं लुगड्याला पुसली. मुख्याध्यापकांच्या पत्नी दारातून एवढंच म्हणाल्या, "पाण्यात असं, तर मासळीत काय करत असेल कोण जाणे." त्या वाक्यानं वीस वर्षं पुसली गेली. मावशी भांडली नाही. टोपली उचलली, चुंबळ नीट केली आणि फाटकातून गेली. त्या दिवसापासून आवारातल्या एकाही घरानं तिची मासळी घेतली नाही. ही गोष्ट बाजारातही पोचली. तिथे तिच्या टोपलीतल्या माशांचे कल्ले लोक उचलून पाहू लागले.

साहेब आले, कोरडी टाकी पाहून पुढे गेले. मुख्याध्यापकांना माझी दया आली असावी. जूनमध्ये मी कायम झाले.

त्या वर्षी गणपतीनंतर मी दातिवऱ्याला गेले. मन खात होतं, रात्री डोळा लागत नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला मोकळं व्हायचं होतं. ती अंगणात सुकी मासळी पालथी करत होती. मी उभ्या उभ्याच म्हणाले, "मावशी, पाला मी धुतला होता. मी खोटं बोलले. मला माफ करा." आणि रडू लागले.

तिनं मला पाणी दिलं. बसायला फळी पुढे केली. माझं रडणं थांबेपर्यंत ती काम करत राहिली. मग म्हणाली, "मना ठावं हाय. तवाच ठावं होतं. मना सांगून काय उपेग, बाय? त्या गुरुजीला सांग."

"सांगते," मी म्हणाले.

मुख्याध्यापक त्यानंतर नऊ वर्षं शाळेत होते. कायम झाल्यावर मला आवारात त्यांच्या शेजारचंच बिऱ्हाड मिळालं होतं, मध्ये एकच भिंत. रोज सकाळी ते मला विचारायचे, "काय बाई, ठीक ना?" आणि मी म्हणायचे, "हो सर."