वाळवी लागली नव्हती

ही गोष्ट मी तेहतीस वर्षं टाळली. सांगायची वेळ आलीच नाही असं म्हणालो तर ते आणखी एक खोटं होईल. वेळ पुष्कळदा आली. दर वेळी मी चहाचा कप उचलला, नाहीतर हवापाण्याचं काहीतरी बोललो. आता ज्याला सांगायची होती तो माझा भाचा हेमंत, आमचा हेमू, जाऊन पाच आठवडे झाले. चव्वेचाळीस वर्षांचा होता. मी चौऱ्याहत्तरचा, धडधाकट. त्याच्या पत्नीचा, संध्याचा, सकाळी फोन आला तेव्हा मी परसात माडाच्या आळ्यात पाणी सोडत होतो. ती एवढंच म्हणाली, "मामा, हे गेले..." पाणी आळं भरून वाटेवर आलं, तरी पाइप माझ्या हातातच होता.

तेराव्यानंतर मालवणात होडीवाल्यांनी त्याची शोकसभा घेतली. हेमू त्यांची यंत्रं दुरुस्त करायचा. होडीवरचा वायरलेस, मासे शोधायचा फिशफाइंडर, खाऱ्या पाण्याने मेलेलं काहीही असो, त्याच्या हाताखालून जिवंत होऊन जायचं. होडी हाकणारे एक म्हातारे तांडेल उठले आणि म्हणाले, "हेमूशेट आमका नेहमी सांगी, वस्तू सांभाळूक माका माझ्या मामान शिकयल्यान. लहानपणी ह्येच्या खेळाच्या खोक्यांक वाळवी लागली, तेव्हा मामान आतला सामान वाचयल्यान म्हणून..." सगळे माझ्याकडे बघू लागले. कुणीतरी माझ्या हातात माइक दिला. मी दोन वाक्यं बोललो आणि खाली बसलो. माझा गळा दाटला असं लोकांना वाटलं. तो दाटला नव्हता. खोटं बोलणाऱ्या माणसाचं कौतुक चारचौघांत झालं आणि त्याने ते मान खाली घालून स्वीकारलं, एवढंच घडलं होतं. म्हणून हे लिहितो आहे.

हेमूचे वडील, माझे भावोजी, बोटीवर नोकरीला होते. वर्षातले नऊ-दहा महिने समुद्रावर. त्यामुळे ताई आणि हेमू आमच्याकडेच, मालवणजवळच्या वाडीत राहायची. शाळा इथली, मे महिन्याची सुट्टी वेंगुर्ल्याला आजोळच्या उलट्या घरी, म्हणजे वडिलांच्या घरी. हेमू आठ वर्षांचा असताना भावोजींनी कुठल्याशा बंदरातून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. वाडीत टीव्हीच मुळी तीन घरी होते. त्यानंतर दर खेपेला ते एक-दोन कॅसेटी आणत. हेमू अकरा वर्षांचा झाला तेव्हा गेमचं एक मोठं खोकं आणि कॅसेटींची सहा छोटी खोकी त्याच्याकडे जमली होती.

इतर मुलं खेळाच्या मागे असत. हेमू खोक्यांच्याही मागे असे. खोक्याची चिकटपट्टी त्याने कधी फाडली नाही, नखाने एका कडेकडून सोडवली. खेळून झालं की कॅसेट पुसून पिशवीत, पिशवी आतल्या थर्माकोलच्या खाचेत, वर माहितीचा कागद. तो कागद कुठल्या भाषेत होता ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी हेमू तो आधीच्याच घड्यांवर घडी घालून ठेवायचा. झाकण लावण्याआधी खोक्यात नाक घालून वास घ्यायचा. मी एकदा विचारलं, "काय रे, खोक्यात अत्तर आसा काय?" तर म्हणाला, "बाबांच्या बॅगेचो वास आसा." मी हसलो. "खोक्याक धूप-आरती कर आता," असं म्हणालो. तो माझ्याबरोबर हसला, पण खोकं जपूनच माळ्यावर नेऊन ठेवलं.

तेव्हा मी एका सरकारी कचेरीत कारकून होतो आणि माझी नेमणूक घाटाच्या पायथ्याशी होती. दोन एसट्या बदलून जायचं, दोन बदलून यायचं. मालवणला बदली हवी होती. बदली ज्या साहेबांच्या हातात होती त्यांना मेमध्ये सगळेच कारकून आंब्याच्या पेट्या देत. कोकणात ही लाच कुणी मानत नाही. घरचा आंबा आहे, साहेबांनी चाखावा, असं म्हणतात. आमची सहा कलमं होती, त्या वर्षी फळ देखणं धरलं होतं. पण साहेबांच्या पडवीत एकसारख्या लाकडी पेट्यांची उतरंड लागलेली मी आदल्या वर्षी पाहिली होती. त्यात माझी पेटी कुठली, हे साहेबांना कळलंही नसणार. मला वेगळं काहीतरी हवं होतं.

माळ्यावर पेंढा काढायला गेलो आणि ते खोकं दिसलं. जाड पुठ्ठा, गुळगुळीत, वर रंगीबेरंगी चित्रं, परदेशी अक्षरं. ताई आणि हेमू वेंगुर्ल्याला होते. खोकं खाली आणलं तेव्हा माझी बायको तांदूळ निवडत होती. तिने बघितलं. म्हणाली, "त्या पोराक इचारल्यात?"

"खोक्याचा काय इचारूचा? वस्तू खंय टाकतंय मी?"

"तरी पण..." एवढंच म्हणून ती पुन्हा सुपाकडे वळली. बायको जाऊन आठ वर्षं झाली. तिच्याखेरीज हे कुणालाही ठाऊक नव्हतं.

मोठ्या खोक्यात पेंढा घालून अडीच डझन आंबे बसले. दोन थरांमध्ये घालायला पुठ्ठा हवा होता, म्हणून मी ती सहा छोटी खोकीही उघडून, फाडून, सपाट केली. थर्माकोल मागच्या दारी टाकला. शेजाऱ्याने तो जाळ्याला बांधायला नेला. माहितीचे कागद आंब्यांच्या फटीत कोंबले. गेमचं यंत्र टीव्हीखाली ठेवलं. राहिल्या कॅसेटी. त्या उघड्या कशा ठेवायच्या, उंदीर खातील, असा विचार करून मी पत्र्याचा एक झाकणाचा डबा घेतला. आदल्या पावसाळ्यात त्यात खारे बांगडे भरलेले होते. डबा रिकामा होता, मी आतून फडक्याने पुसला. पुसला, धुतला नाही. किनाऱ्यावर जन्मलेल्या माणसाला मीठ काय करतं हे सांगावं लागत नाही. तरी मी त्या डब्यात कॅसेटी भरल्या आणि झाकण घट्ट लावलं. वर ते काम नीट केल्याचं समाधानही वाटलं.

साहेबांच्या घरी त्यांची सात-आठ वर्षांची मुलगी दारात होती. माझ्या खांद्यावरचं खोकं बघून ती नाचतच आत गेली, "आई, व्हिडिओ गेम आला!" खोकं खाली ठेवताच तिने झाकण उघडलं. आत आंबे. तिचा चेहरा असा काही पडला की साहेब, त्यांची पत्नी आणि मी, तिघेही मोठ्याने हसलो. साहेबांना माझं नाव मात्र त्या दिवसापासून पाठ झालं. गणपतीआधी बदलीची ऑर्डर आली. एका खोक्याने दोन मुलांची निराशा केली आणि मला घराजवळची नोकरी मिळवून दिली.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी हेमू आला. पाय धुऊन आधी माळ्यावर गेला. मी खाली पडवीत बसलो होतो. तोपर्यंत मी खोटं ठरवलं नव्हतं, हे मला आज मुद्दाम सांगायचं आहे. 'खोकी घेतली रे, कामाला लागली' असं सांगून टाकू, नवी आणू, असंच डोक्यात होतं. तो शिडीवरून अर्धा उतरून थांबला.

"मामानू, माझे खोके खंय?"

त्याच्या आवाजात काय होतं कोण जाणे... मी म्हणालो, "वाळवी लागली रे. जाळूक लागले."

माळ्याच्या मातीच्या भिंतीवर वाळवीची एक जुनी वाट होती. ती मी त्याला नेऊन दाखवली. खोटं बोलणारा माणूस किती तत्पर असतो. हेमूने त्या वाळक्या मातीवरून बोट फिरवलं. ती बोटाखाली भुगा होऊन गळली. त्याने बोट चड्डीला पुसलं. मग म्हणाला, "माझीच चूक. भिंतीक टेकवन ठेवलंय मी." मी डबा त्याच्या हातात दिला. डबा उघडून, सहाही कॅसेटी मोजून तो म्हणाला, "तुमी कॅसेटी तरी वाचयलात, मामानू." आणि माझ्या कमरेला मिठी मारली.

पावसात कॅसेटी एकेक करून मेल्या. टीव्हीवर नुसत्या आडव्या रेघा. हेमू फुंकर मारायचा, पुन्हा लावायचा. आतल्या पितळी दातांवर हिरवट बुरा चढला होता. एकदा जेवताना तो विचारात पडून म्हणाला, "ह्यांका बांगड्याचो वास कित्या येता?" ताई म्हणाली, "मालवणात येऊन ऱ्हवलेत मां ते? बांगड्याचो वास येतलोच!" घरभर हसू झालं. त्यात माझं हसणं सगळ्यात मोठं होतं. बायको तेवढी उठून आत गेली.

हेमूने हार मानली नाही. कॅसेटींचे स्क्रू काढून तो खोडरबराने ते दात घासत बसायचा. दोन कॅसेटी पुन्हा चालल्या, चार कायमच्या गेल्या. तिथूनच त्याला हा नाद लागला. दहावीनंतर त्याने दुरुस्तीचंच शिक्षण घेतलं आणि मालवणात दुकान टाकलं. लोक म्हणतात, बघा, वाईटातून चांगलं झालं. माझंही मन कधीकधी असं म्हणतं. पण तो जे झाला ते त्याच्या हातांनी झाला. त्याचं श्रेय माझ्या पापाला नाही.

माझ्या पापाने दुसरंच काही घडवलं. त्याच्या दुकानात आणि घरात एकही वस्तू भिंतीला टेकलेली नसे. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे, प्रत्येकाखाली चार विटा. लग्न होऊन आलेल्या संध्याला वाटलं, ही कुठली रीत? पुढे त्यांची मुलगी पुस्तकं भिंतीशी ठेवी, तर हा कधी आवाज न चढवणारा माणूस तिच्यावर चिडायचा. आणि नवीन कुणी भेटलं की माझ्यासमोरच सांगायचा, "माका अक्कल नव्हती तेव्हा. भिंतीक टेकवन ठेवलंय, वाळवीन खाल्ल्यान. ह्या मामांनी आतला सामान तरी वाचयल्यानी." भावोजींनी आणलेली वस्तू आपल्या निष्काळजीपणाने गेली, हे ओझं त्याने अकराव्या वर्षी उचललं ते उतरवलंच नाही. भावोजी वारले त्या वर्षी तो मला म्हणाला, "बाबांचा मी काय सांभाळूक शकलंय नाय बघा." तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. दोन वर्षांपूर्वी त्याने मोबाइलवर एक फोटो दाखवला. तेच खोकं, तीच चित्रं, जगात कुठेतरी कुणीतरी काचेच्या कपाटात ठेवलेलं. "रिकाम्या खोक्यासाठीव लोक जीव टाकतत, मामानू," म्हणाला आणि दोन बोटांनी चित्र मोठं करून बघत राहिला. मी चष्मा विसरलो म्हणून सांगितलं. चष्मा खिशात होता.

आजार कळला तेव्हा उशीर झाला होता. गोव्याच्या इस्पितळात त्याला बघायला निघालो तेव्हा ठरवून निघालो होतो. एसटीत सीमेवरच्या बांद्यापर्यंत वाक्यं जुळवली, पुढे ती पाठ केली. संध्या औषध आणायला खाली गेली. खोलीत आम्ही दोघेच होतो. मी खुर्ची जवळ ओढली.

"हेमू, तुका एक सांगूचा हा."

"सांगा मां."

"ता वाळवीचा..."

तो उशीवरून उठायला लागला. "खंय लागली? वाशांक?" मी काही बोलायच्या आत त्याने माझा हात धरला. "घाबरू नकात. निळ्या डब्यात औषध आसा, संध्याक सांगतंय, ती देतली. नुसता वरसून मारू नकात, भिंतीक भोक पाडून आत सोडूचा. नायतर थांबा, मी बरो झालंय काय येतंय." एवढं बोलून त्याला धाप लागली.

मी म्हणालो, "बरां."

तेवढ्यात नर्स आली, भेटीची वेळ संपली. जिना उतरताना मला हायसं वाटलं... हे लिहायला सगळ्यात जड जातं आहे, पण तसं वाटलं होतं. आज नाही, पुढच्या खेपेला सांगू, असं मी स्वतःला म्हणालो. पुढची खेप झाली नाही.

बाराव्याला संध्याने पिशवीत घालून तो निळा डबा माझ्या हातात दिला. "जायच्या आदल्या दिवशी दोनदा आठवण केली त्यांनी," ती म्हणाली. "मामांच्या घराला वाळवी लागलीय, विसरू नको म्हणाले." डबा घेऊन मी घरी आलो. माझ्या घराला वाळवी नाही. तो माझ्या टेबलावर आहे, त्याचं झाकण मी उघडलेलं नाही.

हे छापून येण्याआधी ताईला आणि संध्याला वाचून दाखवलं. संध्याने कागद मागून घेऊन पुन्हा स्वतः वाचला. ताई ऐकून एवढंच म्हणाली, "माका सांगून काय उपयोग? त्येका सांगूक होया होतंस." बरोबर आहे तिचं. एसटीत पाठ केलेली वाक्यं अजून पाठ आहेत. ज्याच्यासाठी केली तो ऐकायला नाही, तरी ती जशी होती तशीच लिहितो.

हेमू, तुझ्या खोक्यांक वाळवी लागली नव्हती. ते मी फाडलंय, माझ्या बदलीसाठी. कॅसेटी मिठाच्या डब्यात मीच घातलंय. तू भिंतीक टेकवन ठेवलंस म्हणून काय एक झाला नाय. तुझी चूक नव्हती, झिला. माका माफ कर.