अकराचा मेसेज

त्या शनिवारी चष्म्या माझ्या कटिंगच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला होता. चष्म्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. सहाव्या वर्षी चष्मा लागला, तेव्हापासून घरात तेच नाव. डोळ्यांच्या दवाखान्याचे सर्व्हर तो सांभाळायचा. उद्या ज्यांची तपासणी आहे त्यांना आज अकरा वाजता मेसेज जायचा, तो प्रोग्राम त्यानेच लिहिलेला. पण महिनाभर झाला, ऐन अकराला तो मरायचा. हा उठवायचा, तो परत पडायचा. मेसेज नाही म्हणून म्हातारी माणसं तपासणीला यायचीच नाहीत. साहेब म्हणाले होते, सोमवारी मेला तर कायमचा बंद.

"त्याचा काही गुन्हा नाही गं ताई."

"मग मरतो कशाला मेला?"

"मेमरी संपते. मेमरी म्हणजे तुझं हे टेबल समज. जागा संपली की सर्व्हर सगळ्यात मोठा कपडा उचलून खाली फेकतो. जागा कोणी अडवली ते बघत नाही."

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"तेच तर."

मग तो माझ्या टेबलाकडे बघत बसला. पडद्याच्या कापडाखाली चिंध्यांचा ढीग होता.

"ताई, तू चिंध्या कधी झाडतेस?"

"काम संपल्यावर."

"आणि काम संपलंच नाही तर?"

मी हसले. तो हसला नाही, खटाखट टाइप करायला लागला. डोळ्यांचे फोटो लहान करणारे बारके बारके प्रोग्राम होते म्हणे, दोनशे चौदा. काम झालेलं, तरी एकही उठलेला नाही. "जेवून झालं तरी न हलणारे पाहुणे," तो म्हणाला. त्याने नियम घातला, एका वेळी चारच, आणि काम झालं की उठायचं.

"मंगळवारी तुझी तपासणी आहे ना? सोमवारी अकराला मेसेज आला तर समज, मी खरा."

मग पडद्याचं कापड जमिनीवर ओढून त्यावरच आडवा झाला. निळं कापड होतं, त्यावर खिडकीतून ऊन पडलं की सगळी खोली पाण्यात बुडाल्यासारखी दिसायची. "मशीन थांबवू नको हं, त्या आवाजात मला झोप लागते," म्हणाला. लहानपणीही त्याला तशीच लागायची. मी शिवत राहिले. दुसऱ्या पडद्याची अख्खी किनार शिवली, हळूहळू, त्याची झोप मोडू नये म्हणून. चार वाजता चहा घेऊन हाक मारली. चष्मा छातीवर होता, हातात धरलेला. उठला नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं.

सोमवारी घर माणसांनी भरलेलं होतं. मी मशीनपाशी बसले होते, हात नुसता चाकावर. फोन थरथरला. उद्या सकाळी दहाला डोळे तपासायला यावे. घड्याळात बघितलं. अकरा.

मंगळवारी जाऊ नको म्हणत होते सगळे. मी गेले. दवाखान्यात बाकडी गच्च भरली होती. एक आजी म्हणाली, "बस ना गं, सरकते मी." पण सरकायला जागाच नव्हती. मी भिंतीला टेकून उभी राहिले.