डावा कान

विमानतळाच्या टॉवरमधले सगळे तिला कानसेन म्हणत. हे नाव काही थट्टेत पडलं नव्हतं. पूर्वी रडारच्या खोलीत काम करत असताना एका छोट्या विमानाचा वैमानिक तिच्याशी बोलत होता. बोलणं बरोबर, पण शब्द जरा ओले, एकमेकांना चिकटलेले. बाकीचे म्हणाले, झोप आली असेल बिचाऱ्याला. हिने मात्र त्याला हुकूम सोडला, "खाली ये. आत्ताच्या आत्ता खाली ये." तो ऐकेना, तेव्हा आई पोराच्या मागे लागते तशी मागे लागून तिने त्याला खाली आणलं. वरच्या विरळ हवेत त्याचा मेंदू गुंगत चालला होता. खाली आल्यावर त्याची जीभ सरळ झाली आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, "मी कुठे आहे?"

अशा बाईचा कान जावा, याला काय म्हणायचं!

सर्दीचं निमित्त झालं. एका सकाळी उठली तर डाव्या कानात कापूस कोंबल्यासारखं वाटत होतं, आणि त्या कापसाच्या आत कुठेतरी बारीक शिट्टी. उतरेल दोन दिवसांत, म्हणून तिने दुर्लक्ष केलं. मग आईचा फोन आला. सवयीप्रमाणे तिने तो डाव्या कानाला लावला. पलीकडे चिडीचूप. आईने ठेवला असेल असं समजून तिनेही ठेवला. पाठोपाठ पुन्हा घंटी, आणि या वेळी फोन चुकून उजव्या कानाशी गेला.

"माझ्या तोंडावर फोन आपटतेस?" आई कडाडली. "मी मेली बोलतेय बोलतेय..."

ती पलंगावर टेकली. घरात कुणाला काही बोलली नाही. तिची वार्षिक वैद्यकीय तपासणी तोंडावर आली होती. त्या तपासणीतली बंद काचेची खोली तिला पाठ होती: आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. नाही दाबलं तर लायसन्स खिशात असूनही निरुपयोगी. खरं तर तब्येतीत असं काही वाटलं की स्वतःहून काम थांबवून डॉक्टर गाठायचा, हा नियम ती नव्या लोकांना घसा फोडून सांगत आली होती. पण लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, तसं झालं. आज बरं होईल, उद्या होईल, करत तिने हेडसेट उजव्या कानावर सरकवला आणि कामावर जात राहिली.

बहिरेपण लपवायची एक विद्या असते. ती तिला न शिकवता आली. बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघायचं, तो हसला की हसायचं, तो थांबला की मान डोलवायची.

"मी डावीकडून बोललो की ऐकायचंच नाही, असं ठरवलंयस का?" एकदा जेवताना नवऱ्याने विचारलं. तो शाळेत गणित शिकवायचा. पोरांचे बहाणे ओळखण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

"लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर सगळ्याच बायका ठरवतात," ती म्हणाली.

तो हसला. पण नंतर भांडी विसळताना बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला.

त्या दिवशी सकाळी बाहेर धुरकं होतं. टॉवरच्या तिरक्या काचांतून धावपट्टीचं अलीकडचं टोक स्पष्ट दिसायचं, पलीकडचं पुसलेलं. विमानांना उतरायची आणि उडायची परवानगी देणं हे तिचं काम. तिच्या डाव्या हाताला तिचा सहकारी पोपट बसला होता. अखंड बडबडीमुळे त्याला हे नाव पडलं होतं, आणि जमिनीवरच्या गाड्यांचा ताबा त्याच्याकडे होता. तिच्या परवानगीशिवाय तो एकही गाडी धावपट्टीवर सोडू शकत नसे.

"ताई, पट्टीवर पक्षी मरून पडलाय. गाडी आत सोडू?"

तिला त्याचे ओठ हललेले दिसले. उजव्या कानात एक वैमानिक वाऱ्याचा जोर विचारत होता. तिला वाटलं, पोपट नेहमीसारखं काहीतरी सांगतोय. तिने मान डोलवली.

पिवळी गाडी धावपट्टीवर चढली आणि धुरक्यात दिसेनाशी झाली.

मग एक भरलेलं विमान खाली येऊ लागलं. तिने समोर नजर फिरवली, पट्टी मोकळी दिसली, आणि तिने शांत आवाजात उतरायची परवानगी दिली.

"ताई! गाडी आत आहे!"

ती लिहीत होती.

"अगं ताई!"

विमानाचे दिवे धुरक्यातून बाहेर आले होते, चाकं उघडलेली. पोपट खुर्ची मागे ढकलून उठला आणि त्याने तिचा खांदा धरून गदागदा हलवला. तिने वळून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. गाडी. एवढा एकच शब्द तिने त्याच्या ओठांवर वाचला आणि माइकचं बटण दाबलं.

"पुन्हा वर जा! पट्टी मोकळी नाही, पुन्हा वर जा!"

पलीकडून उत्तर येईना. तेवढ्यात तिच्या मनात काय काय येऊन गेलं ते तिने पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. मग इंजिनांचा आवाज काचांवर आदळला, विमानाने नाक उचललं आणि ते गाडीच्या डोक्यावरून निघून गेलं. गाडीचा ड्रायव्हर पोपटाच्या रेडिओवर शिव्या घालत होता. त्या तिला ऐकू आल्या नाहीत, आणि तेच बरं झालं.

"तू मान हलवलीस ना?" पोपटाचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी विचारलं, तू हो म्हणालीस!"

"हो. चूक तुझी नाही," ती म्हणाली. हेडसेट काढून तिने टेबलावर ठेवला. "मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. बरेच दिवस झाले. माझ्या जागी कुणाला तरी बसव."

पोपटाने फोन उचलून बदली माणूस मागवला.

कानाच्या डॉक्टरीण बाईंनी तपासलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "पहिल्या दिवशीच का नाही आलात? लगेच औषध मिळालं असतं, तर कान परत येण्याची आशा होती."

"लायसन्स जाईल म्हणून."

"आणि आता?"

शेजारी बसलेल्या नवऱ्याने तिचा हात घट्ट धरला. रागावलेला होता, पण हात सोडला नाही.

कान परत आला नाही. शिट्टी तेवढी राहिली. चौकशी झाली, ताशेरे बसले, टॉवरची परवानगी गेली ती गेलीच. कित्येक आठवडे ती घरात पडदे ओढून बसायची, वरून विमान गेलं की उठून दुसऱ्या खोलीत जायची. पुढे प्रशिक्षण केंद्राने बोलावलं. तिथे पडद्यावरची खोटी विमानं हाकत ती नव्यांना शिकवू लागली, आणि आपली गोष्ट पहिल्याच तासाला, काही न गाळता, सांगू लागली.

एका दुपारी पोपट केंद्रात आला आणि न विचारता तिच्या उजव्या बाजूच्या खुर्चीवर बसला.

"छातीत धडधडायचं गं मधूनमधून," तो म्हणाला. "काल स्वतःच डॉक्टरांकडे जाऊन सांगितलं. टॉवरवरून खाली बसवलंय मला. कधीपर्यंत, कोण जाणे."

"घाबरलायस?"

"फाटलीये माझी," तो म्हणाला. "घरी अजून बोललो नाहीये."

"मग उठ," ती पर्स उचलत म्हणाली. "चल, मी येते तुझ्याबरोबर."