वारा सरेपर्यंत

त्या मे महिन्यातल्या पाच दिवसांत मी कुठे स्वस्थ बसले असेन असं मला आठवत नाही. दवाखान्यातल्या बाकावर टेकले की ऑफिस आठवे, ऑफिसात गेले की पाय जिन्याकडे ओढ घेत. घरी जाऊन भात टाकला तर तो शिजेपर्यंत मी तीनदा दारात येऊन उभी राहत असे. आणि हे सगळं कशासाठी, तर माझ्या वडिलांना एकदाचा वारा सरावा म्हणून. आज लिहितानाही हसू येतं, पण तेव्हा आमच्यातलं कोणी हसत नव्हतं.

बाबा रेल्वेत मालधक्क्यावर कारकून होते. त्यांची बहुतेक नोकरी रायपुरातच, गुढियारीच्या बाजूला गेली. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. शरीराबद्दल चारचौघांत बोलणं त्यांना अजिबात खपत नसे. ढेकर आली तरी उठून अंगणात जाणारा माणूस. त्यांचं डोकं दुखतंय हेसुद्धा मला आईकडून कळायचं. मी त्यांची एकुलती मुलगी, तिशीची, लग्न न केलेली, पुरानी बस्तीतल्या घरात त्यांच्याजवळच राहणारी. राज्य नवीन होऊन आणि रायपूर त्याची राजधानी होऊन सहा महिने झाले होते. भोपाळहून फायलींचे गठ्ठे आले होते आणि आमचं मंत्रालय एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत थाटलं होतं. मी तिथे टायपिस्ट होते. कुठली फाईल कोणत्या खोलीत आहे ते कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे सुट्टी मागायचीही चोरी.

सोमवारी रात्री बाबा जेवले नाहीत. "भूक नाही," एवढंच म्हणाले. मंगळवारी सकाळी उलटी झाली. आईने ओवा दिला, बेंबीवर हिंग लावला. दुपारी पुन्हा उलटी, या खेपेला हिरवट पाणी. पोटात काही गेलं नव्हतं, तरी तांब्याभर पाणी बाहेर पडलं. आई घाबरून म्हणाली, "हे येऊन कुठून राहिलं?" संध्याकाळपर्यंत त्यांचं पोट घागरीसारखं टणक झालं. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि "गॅस आहे, जाईल" म्हणत होते.

बुधवारी सकाळी मी त्यांना ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. सर्जन आमच्यातलेच होते, पण मराठी बोलता बोलता हिंदीत शिरणारे. त्यांनी पोटावर बोटं ठोकली, स्टेथोस्कोप ठेवून बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, "काका, पोट साफ केव्हा झालं होतं?"

बाबा छताकडे पाहू लागले.

"बरं, वारा तरी सरतो का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी समजले आणि बाहेर गेले. पडद्यामागून त्यांचा आवाज आला, अगदी बारीक: "रविवारपासून नाही."

म्हणजे तीन दिवस ते हे पोटात घेऊन आमच्यासोबत बसले होते, आणि एक अक्षर बोलले नव्हते.

एक्स-रेमध्ये पायऱ्यांसारख्या आडव्या रेषा दिसत होत्या. आतडं अडलं होतं. तरुणपणी त्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. त्या जखमेच्या जागी आत एक चिवट पट्टा तयार झाला होता आणि इतक्या वर्षांनी लहान आतड्याचा एक वेढा त्याच्याखाली जाऊन दबला होता. दुपारी त्यांना आत नेलं, दोन तासांनी बाहेर आणलं. पट्टा कापला होता. आतडं काळं पडलं नव्हतं, म्हणून ते कापावं लागलं नाही. आईने हात जोडले. मला वाटलं, सुटलो.

सुटलो नव्हतो. बाबांच्या नाकातून एक नळी पोटात गेली होती आणि तिचं दुसरं टोक पलंगाला लटकवलेल्या पिशवीत होतं. पिशवीत ते हिरवं पाणी थेंबथेंब येत होतं. तोंडाने काही म्हणजे काही द्यायचं नव्हतं. वारा सरेपर्यंत पाण्याचा थेंबसुद्धा नाही.

गुरुवारी मी डॉक्टरांना गाठलं. माझा जीव काही थाऱ्यावर नव्हता. मी त्यांच्या मागे मागे व्हरांड्यात चालत विचारत राहिले. शेवटी ते थांबले. सिस्टरकडून त्यांनी एक रबरी नळीचा तुकडा मागून घेतला आणि त्यात खिशातल्या गोळ्यांपैकी एक गोळी घातली.

"पाहा," ते म्हणाले, आणि गोळीच्या मागे नळी चिमटीत दाबली. गोळी पुढे सरकली. त्यांनी पुन्हा तिच्या मागे दाबलं. "घास गिळला की आपलं काम संपतं. पुढे सगळं हे असं चालतं. मागून आवळायचं, पुढे ढकलायचं. गळ्यापासून खालपर्यंत, आपल्याला न विचारता. आतड्याला आमचा हात लागला की ते रुसून बसतं, ही चाल थांबते. मग पाणी दिलं तरी ते जाईल कुठे?"

"आणि ते हिरवं पाणी?"

"ते त्यांचंच आहे. लाळ, जठराचा रस, पित्त, आतड्याचा रस. खा की नका खाऊ, शरीर रोज अर्धी बादली रस तयार करतं आणि खाली जाता जाता पुन्हा शोषून घेतं. रस्ता बंद म्हणून ते उलट येऊन राहिलं." मग गोळी टाकून देत म्हणाले, "लहान आतडं आधी जागं होतं, मग जठर, मोठं आतडं सगळ्यात शेवटी. म्हणून मी वाऱ्याची वाट पाहतो. वारा सरला म्हणजे शेवटचा पण उठला."

मी हे सगळं आईला सांगितलं. तिने मान डोलावली, पण तिला ते पटलं नव्हतं. चाळीस वर्षं तिने बाबांना कधी उपाशी ठेवलं नव्हतं. बाहेर उन्हाने डांबर मऊ पडलं होतं, कूलरची हवासुद्धा कोमट येत होती, आणि बाबांचे ओठ वाळून पापुद्रे निघत होते. आम्ही ओला कापूस फिरवायचो. ते कापूस ओठांत धरून ठेवायचे आणि सोडायचे नाहीत.

शुक्रवारी मी औषधं आणायला गेले असताना आईने थर्मासमधला चहा त्यांना पाजला. चारच चमचे. मी परत आले तेव्हा ती पलंगाजवळ उभी होती आणि पिशवीकडे पाहत होती. नाकातल्या नळीतून तांबूस चहा खाली उतरत होता. हिरव्या पाण्यात तो मिसळला, तसा रंग बदलला.

"तसाच आला परत," आई म्हणाली. "मी पाजला तसाच."

सिस्टर आली, तिने पिशवी पाहिली आणि आईला खूप बोलली. आई व्हरांड्यात जाऊन पदराने डोळे टिपत बसली. "मले वाटलं, डॉक्टर बोलून राहिला म्हणून काय झालं, चहाच तर आहे," ती म्हणाली. "पण पोट बंदच आहे गं त्यांचं. मी पाहिलं आपल्या डोळ्यानं." त्या दिवशी तीही जेवली नाही, आणि मला तिच्यावर रागावताही येईना.

शनिवारी साहेबांनी बोलावणं धाडलं म्हणून मी अर्धा दिवस ऑफिसला गेले. एका परिपत्रकात एकच ओळ दोनदा टाइप केली. दर तासाला खाली उतरून पीसीओवरून दवाखान्याला फोन करत होते. काउंटरवरच्या बाई माझा आवाज ऐकताच म्हणायच्या, "नहीं हुआ दीदी." चौथ्यांदा मी जिना चढून आले, तर मोठ्या बाबूंनी सगळ्यांसमोर गंभीरपणे विचारलं, "पिताजी की हवा निकली?" सगळं सेक्शन मान वर करून माझ्याकडे पाहत होतं. मी नाही म्हटलं आणि पर्स उचलून सरळ निघाले.

संध्याकाळी डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. बाहेर येऊन म्हणाले, "उद्या संध्याकाळपर्यंत वाट पाहू. नाही तर पुन्हा फोटो काढावा लागेल. आत पुन्हा कुठे अडलं असेल तर परत उघडावं लागेल."

परत उघडावं लागेल. आईला मी सांगितलं नाही. रविवारी सकाळपासून मी पलंगापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून पलंगापर्यंत येरझाऱ्या घालत होते. सिस्टरने विचारलं, "बाबूजी, गैस पास हुआ?" बाबांनी मान आडवी हलवली. अकरा वाजता मी विचारलं. मान आडवी. एक वाजता आईने विचारलं, तेव्हा मी जवळच उभी होते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

शेजारच्या पलंगावर आरंगकडचा एक शेतकरी होता. त्याचं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन झालं होतं. बुधवारपासून तो आमची सगळी कथा ऐकत होता. दोनच्या सुमाराला त्याला माझ्या फेऱ्या असह्य झाल्या असाव्यात. कोपरावर उठून तो म्हणाला, "दीदी, काबर अतका रेंगत हस? बाबूजी के हवा तो बिहनिया ले छूट गे हे. मैं अपन कान ले सुने हंव. दू बेर."

मी जागच्या जागी थांबले. सकाळीच. दोनदा.

"बाबा?"

बाबा भिंतीकडे वळू पाहत होते, पण टाक्यांमुळे वळता येईना.

"बाबा, काहून नाही सांगितलं? डॉक्टर पुन्हा पोट फाडायची गोष्ट करून राहिले होते!"

ते आईला ठाऊक नव्हतं. तिचा हात तोंडावर गेला.

नळीमुळे बाबांचा आवाज नाकातून येत होता. "तू होती ना इथं. पोरीले सांगाची गोष्ट आहे का ते?"

मला इतका संताप आला की रडूच फुटलं. मी पलंगाचा दांडा धरून रडत होते, आणि आई, चार दिवस डोळे टिपणारी माझी आई, एकाएकी हसायला लागली. "अहो," ती म्हणाली, "सगळं रायपूर वाट पाहून राहिलं आहे तुमच्या वाऱ्याची, अन् तुम्ही लाजता?" शेतकऱ्याची बायको पदरात तोंड लपवून हसत होती. बाबांच्या वाळलेल्या ओठांचा कोपराही जरासा हलला.

डॉक्टर आले, त्यांनी ऐकलं, आणि म्हणाले, "गुडगुड चालू आहे. मस्त." मग स्टेथोस्कोप माझ्या कानांना लावला. आत दूरवर पाणी उकळल्यासारखं काहीतरी वाजत होतं, मध्येच थांबत होतं, पुन्हा वाजत होतं. तिशीपर्यंत त्या माणसाच्या इतक्या जवळ मी कधी गेले नव्हते. बाबांनी डोळे मिटले होते, पण या खेपेला त्यांनी मला जा म्हटलं नाही.

नळी निघाली. संध्याकाळी दोन चमचे पाणी, तासाने आणखी दोन. सोमवारी सकाळी भाताची पेज. आई प्रत्येक चमच्यानंतर थांबून त्यांच्या गळ्याकडे पाही, जणू पुढचा रस्ता बाहेरून दिसणार होता. मंगळवारी शेतकऱ्याला घरी सोडलं. जाताना तो बाबांच्या पलंगाशी आला, त्यांचा हात हातात घेऊन म्हणाला, "अब झन लजाहू बाबूजी." आता लाजायचं नाही म्हणे; बाबा टाके धरून हसले.

घरी आल्यावर आठवडाभर मऊ भात आणि मुगाचं वरण, मग हळूहळू पोळी. बाबा त्यानंतर अकरा वर्षं जगले आणि गेले ते वेगळ्याच दुखण्याने. लाज त्यांची काही सुटली नाही. फक्त एवढं झालं की रोज सकाळी मी ऑफिसला निघाले की पेपरमधून डोकं वर न काढता ते म्हणत, "ठीक आहे सगळं." मी "बरं" म्हणायचे आणि चपला घालायचे.