सुकट घरी एकटी

हसायचं तर आत्ताच हसून घ्या. कारण हा किस्सा आमच्या शेजारच्या हिरामावशीच्या तोंडून ऐकलात, तर माझी उरलीसुरली अब्रूही जाईल. म्हणून म्हटलं, माझा मूर्खपणा मीच सांगतो.

तर मी तारापूरच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी सुपरवायझर. हेल्मेट घाला, हातमोजे घाला, इथे उभे राहू नका, असं दिवसभर लोकांवर ओरडायचं, हे माझं काम. बारा वर्षांत माझ्या देखरेखीखाली कुणाचं नखसुद्धा दुखावलेलं नाही! मग एक कुत्री सहा तास घरी ठेवणं म्हणजे काय हो? डाव्या हातचा मळ!

कुत्रीचं नाव सुकट. नवापूरला मासळी वाळत घालतात ना, तिथे सापडली, आणि तेव्हा दिसायचीही तशीच. आता चांगली गुबगुबीत झालीय. शिरगावला बायकोच्या मामेबहिणीचा साखरपुडा होता, आणि सुकट पहिल्यांदाच बोईसरच्या आमच्या चाळीतल्या घरी एकटी राहणार होती.

बायको म्हणाली, "अहो, एक किल्ली हिरामावशींना देऊन ठेवू या का?"

"कशाला? मी आहे ना!"

मी यादीच केली. फिनेल उंचावर. औषधं कपाटात. वायरी टेपने भिंतीला चिकटवलेल्या. गॅस बंद, पंखा चालू. पाण्याची भांडी दोन, एक सांडलं तर दुसरं. मोबाइलवर घर दिसेल असा कॅमेरासुद्धा लावला! वर सकाळी दुप्पट भात-मासे खायला घातले, कारण झोपलेलं कुत्रं म्हणजे सुरक्षित कुत्रं. शेवटची फेरी मारली, कुलूप लावलं आणि कॉलर ताठ करून निघालो.

शिरगावला पोचल्या पोचल्या ऐटीत मोबाइल काढला. "या, या, आमची सुकट बघा!" सगळी सासुरवाडी गोळा झाली.

कॅमेरा बंद!

"लाइट गेली असेल," बायको म्हणाली.

मी मावशीला फोन लावला. "मावशी, लाइट गेलीय का हो?"

"नाय ओ भाऊ, आमी टीवी बगतो ना."

म्हणजे फक्त आमचीच गेली? वायर चावली की काय हिने? "मावशी, जरा आमच्या खिडकीतून आत बघा!"

"बगितला. पंखा बंद हाय. कुत्री आडवी पडलीय."

"हाक मारा!"

"मारली. हलत नाय."

त्या पोरीला मी कापसाच्या बोळ्याने दूध पाजून वाढवलंय हो! डोळ्यांत पाणीच आलं.

पण आणीबाणीत डोकं शांत ठेवायचं, हे मीच सगळ्यांना शिकवतो. म्हणून मी अगदी शांतपणे, म्हणजे मांडवातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या शांतपणे, ओरडलो, "दाराला कुणी हात लावू नका! करंट असेल! चाळ रिकामी करा!"

इकडे नवऱ्या मुलाच्या हातात अंगठी तशीच. तिकडे भर दुपारी आठही घरं अंगणात, उन्हात. एक आजोबा तर अर्धी आंघोळ टाकून आले म्हणे, डोक्याला साबण तसाच!

"आता बाहेर ओट्यावरचा आमचा मेन स्विच बंद करा. लाकडी काठीने!"

मावशी गेली. मी श्वास रोखला, सासऱ्यांनी रोखला, भटजींनीसुद्धा रोखला.

"भाऊ, तो बंदच हाय."

"बंद? कुणी केला?"

"काय ठावं! वर लाल चिठी बांधलीय. थांबा, आमची सून वाचते."

फोन स्पीकरवर होता, हे सांगायचं राहिलंच. सून मोठ्याने वाचू लागली, "धोका. वीज तोडली आहे. माझ्या परवानगीशिवाय चालू करू नये. खाली तुमचीच सही हाय, भाऊ."

आता कंपनीत मशीन सफाईला काढलं, की वीज तोडून लाल टॅग लावायचा नियमच आहे. टॅगचा गठ्ठा माझ्या बॅगेत कायम. शेवटची फेरी म्हटलं की हात आपोआप मेन स्विचकडे जातो. पंखा मीच बंद केला होता, आणि कॅमेराही मीच!

"पण सुकट?" मी रडवेला.

"थांबा." मावशीने म्हणे घरातून तळलेला बोंबील आणला आणि गजांतून आत धरला. पुढच्याच क्षणी फोनमधून किंकाळी आली, "उठली ओ भाऊ! माजी बोटा खाते!"

मांडवात काय हशा पिकला म्हणता! मी तर रडतही होतो आणि हसतही होतो.

परवा बायको पुन्हा शिरगावला गेली, या वेळी सुकटला घेऊन. निघताना मावशीला म्हणाली, "मावशी, हे एकटेच आहेत घरी. जरा लक्ष असू द्या."

मला वाटलं, थट्टा करतेय. तासाभरात मावशी खिडकीत हजर!

"भाऊ, काय करताय?"

"काही नाही."

"बरा हाय. तसंच बसून ऱ्हावा. ती येईपरयंत कशाला हात लावू नका."

आणि खरं सांगतो, मी संध्याकाळपर्यंत बसून राहिलो.